कॉन्फरन्सची उलथापालथ आणि अमेरिकेतलं कॉलेज टेनिस (पुरुष)

सनीवेलकर

नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात क्रिकेट सोडून बाकीचे धागे फार चालत नाहीत हे माहितीये, तरी हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून लिहितोच. इथे अमेरिकेत राहणारे बरेच जण आहेत आणि पुण्या-मुंबईतले असेही पालक आहेत ज्यांची मुलं टेनिस खेळतात आणि इकडच्या कॉलेजचं बघतायत, दोघांनाही उपयोग होईल.

तर पॅक-१२ मोडली. ही पश्चिमेकडच्या कॉलेजांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात नियमित खेळणाऱ्या कॉलेजांचा गट; बिग टेन, बिग १२, एसीसी, एसईसी हे असेच दुसरे गट. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससीने बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. मग जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बिग १२ कडे गेलं, ४ ऑगस्टला एकाच दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आणि अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट, युटा बिग १२ मध्ये, आणि १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड, कॅल (बर्कली) आणि डॅलसचं एसएमयू एसीसीत. तिकडे टेक्सास आणि ओक्लाहोमाचं एसईसीत जायचं २०२१ लाच ठरलं होतं. हे सगळे बदल २०२४ च्या उन्हाळ्यात एकदम लागू झाले. सगळे निर्णय फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरून झाले, यात कुणाला शंका असायचं कारण नाही.

पण टेनिसमध्ये काय झालं बघा. पुरुषांची एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) टीम विजेतेपदं यूएससीची २१, स्टॅनफर्डची १७ आणि यूसीएलएची १६. तिघांची मिळून ५४. देशातल्या कॉलेज टेनिसचं घर कुठलं असेल तर ते कॅलिफोर्निया, आणि ही तिन्ही कॉलेजं कायम एकाच कॉन्फरन्समध्ये असायची, दरवर्षी एकमेकांशी खेळायचीच. आता स्टॅनफर्ड आणि यूसीएलए वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये आहेत, मॅच झाली तर दोन्ही कोचनी वेगळी ठरवली म्हणून होणार. आणि स्टॅनफर्डची कॉन्फरन्स मॅच आता कुठे, तर बॉस्टनला, मायामीला, व्हर्जिनियाला. बॉस्टन इथून जवळजवळ ४,३०० किमी आहे हो! फुटबॉलवाल्यांना वर्षातून तीन-चारदाच एवढं लांब जावं लागतं आणि ते चार्टर विमानाने जातात. टेनिसवाले साध्या विमानाने, तेही ऐन सेमिस्टरच्या मधे.

मला मनापासून वाटतं की या सगळ्यात पुरुष टेनिससारख्या खेळांचा विचार कुणीच केला नाही, आणि किंमत मात्र तेच मोजतायत. तुमची मतं ऐकायला आवडतील, विशेषतः टेक्सास आणि मिडवेस्टवाल्यांची.

सिंहगडरोड

छान धागा. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, बालेवाडीला खेळतो, एआयटीए (भारतीय टेनिस संघटना) अंडर-१८ खेळतोय आणि थोडं आयटीएफ ज्युनियर. आम्ही अमेरिकन कॉलेजचं गंभीरपणे बघतोय. पण कॉन्फरन्स हा प्रकार मला अजून नीट कळलेला नाही. एजंट लोक फक्त डिव्हिजन १, डिव्हिजन २ सांगतात आणि यूटीआर (टेनिस रेटिंग) किती ते विचारतात. कॉन्फरन्समुळे एवढा फरक पडतो का?

सनीवेलकर

दादा, पडतो. थोडक्यात सांगतो. डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरात, शेकडो कॉलेजं आहेत, ती वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेली. टीमचा सीझन जानेवारी ते मे. त्यातल्या सुरुवातीच्या मॅचेस कोच आपापल्या ठरवतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मुख्यतः कॉन्फरन्समधल्याच, मग कॉन्फरन्स टूर्नामेंट, मग मे महिन्यात ६४ टीमची एनसीएए. म्हणजे तुमचा मुलगा चार वर्षं कुणाशी खेळणार, कुठे प्रवास करणार, कुठल्या हवेत खेळणार, हे सगळं कॉन्फरन्स ठरवते.

टीम मॅचमध्ये सात पॉइंट असतात, तीन डबल्स मिळून एक पॉइंट आणि सहा सिंगल्सचे सहा. चार झाले की जिंकलात. शेवटच्या कोर्टवर ३-३ असताना सगळी टीम कुंपणाला चिकटून ओरडत असते, ते एकदा बघितलं की माणूस या खेळात अडकतोच.

टेक्सासातला तात्या

सनीवेलकर, लेख आवडला पण निम्माच पटला.

मी फोर्ट वर्थजवळ राहतो आणि टीसीयूच्या (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) मॅचेस बघतो. टीसीयूचं काय होतं आठवा. १९९६ मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली तेव्हा टेक्सास, बेलर, टेक्सास टेक यांना बिग १२ मध्ये घेतलं आणि टीसीयू बाहेर राहिलं. मग डब्ल्यूएसी, मग कॉन्फरन्स यूएसए, मग माउंटन वेस्ट अशा छोट्या कॉन्फरन्समध्ये फिरलं. २०१२ मध्ये बिग १२ मध्ये आले ते फुटबॉलमुळेच. आणि टेनिसला त्याचा केवढा फायदा झाला! दरवर्षी टेक्सास, बेलर, ओक्लाहोमा यांच्याशी खेळायचं म्हटल्यावर चांगले खेळाडू यायला लागले. कॅमेरॉन नॉरी तिथलाच, जेकब फर्नली तिथलाच. २०२४ ला पहिल्यांदा एनसीएए टीम विजेतेपद, तेही टेक्सासला ४-३ हरवून. ही उलथापालथ झाली नसती तर कोच डेव्हिड रोडिटी कितीही चांगले असले तरी माउंटन वेस्टमध्ये बसून हे अवघड होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणजे पश्चिमेची पडझड २०२४ ला सुरू झालेली नाही. स्टॅनफर्डचं शेवटचं विजेतेपद २००० चं, यूसीएलएचं २००५ चं, यूएससीचं २०१४ चं. त्यानंतर व्हर्जिनिया, वेक फॉरेस्ट, टेक्सास, फ्लोरिडा, टीसीयू. पॅक-१२ शाबूत असतानाच केंद्र पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकलं होतं.

सनीवेलकर

तात्या, टीसीयूचं उदाहरण अगदी बरोबर आहे आणि ते यायलाच हवं होतं. पण त्यातच माझा मुद्दा आहे बघा. टीसीयूचा फायदा का झाला? कारण ते आपल्याच शेजाऱ्यांच्या कॉन्फरन्समध्ये परत आले. टेक्सासचं ऑस्टिन फोर्ट वर्थपासून ३०० किमी, बेलरचं वेको तर त्याच रस्त्यावर. बसने जायचं, मॅच खेळायची, रात्री परत. तगडे प्रतिस्पर्धी आणि जवळ, दोन्ही. आणि आत्ता काय झालं? मे २०२४ ला टीसीयू आणि टेक्सास फायनल खेळले आणि १ जुलैला टेक्सास एसईसीत गेलं. देशातली सगळ्यात चांगली जोडी फुटली. आता टीसीयूला कॉन्फरन्समध्ये कोण मिळालं तर सॉल्ट लेक सिटीचं युटा, प्रोव्होचं बीवाययू आणि ऑरलँडोचं यूसीएफ.

विजेतेपदांबद्दल मान्य, पण पडत असलेल्याला अजून धक्का द्यायचं कारण नव्हतं.

डबल्सवाली

मी एका मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळाडू विद्यार्थ्यांना अभ्यासात मदत करायचं काम करते, नाव देत नाही. त्यामुळे प्रवासाचा मुद्दा मला आतून माहितीये आणि तो बाहेरून दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

शुक्रवारी आणि रविवारी मॅच असते. पूर्वी जवळची कॉन्फरन्स असताना मुलं शुक्रवारी सकाळी निघायची. आता गुरुवारी सकाळीच निघतात, कधीकधी बुधवारी रात्री, कारण थेट विमान नसतं. टेनिसच्या गावांना मोठे एअरपोर्ट नाहीयेत, स्टेट कॉलेज, ब्लॅक्सबर्ग, क्लेमसन, सगळीकडे आधी मोठ्या शहरात उतरायचं मग भाड्याच्या व्हॅनने दोन-तीन तास, आणि व्हॅन बऱ्याचदा असिस्टंट कोचच चालवतो. गुरुवारच्या लॅब गेल्या. शुक्रवारची परीक्षा हॉटेलच्या खोलीत, कोणीतरी समोर बसून. टाइम झोन तीन तासांचा, म्हणजे पश्चिमेच्या मुलांना पूर्वेला दुपारी १२ ची मॅच म्हणजे शरीराला सकाळचे ९, डबल्सचा पहिला तास झोपेतच जातो. रविवारची मॅच पाऊस आला म्हणून लांबली की परतीचं विमान चुकतं, मग सोमवारही गेला.

आणि हे फक्त खेळाचं बोलतेय. इंजिनीअरिंग किंवा प्री-मेड (डॉक्टरकीची तयारी) करणारी मुलं टेनिसमध्ये खूप असतात, फुटबॉलपेक्षा जास्त. त्यांनाच हे सगळ्यात जड जातं. एका मुलाने माझ्यासमोर मेजर (मुख्य विषय) बदललं कारण तो ज्या लॅबला जायचा तिची वेळ गुरुवारी दुपारीच होती. गुणी मुलगा होता. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

फायदे आहेत, नाही असं नाही. नवीन शहरं बघतात, चांगल्या टीमशी खेळतात. पण ज्यांनी करार केले त्यांनी या मुलांचं एक तरी आठवड्याचं वेळापत्रक समोर ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

सिंहगडरोड

बापरे. हे कुठलाच एजंट सांगत नाही. म्हणजे पुण्याच्या क्लबने लीग मॅच खेळायला दर पंधरा दिवसांनी गुवाहाटीला जायचं, तसंच झालं की हे.

कोलंबसचे काका

इथे ओहायोत थोडं वेगळं चित्र आहे, ते मांडतो.

बिग टेनमध्ये आता १८ कॉलेजं आहेत आणि त्यातल्या १४ मध्ये पुरुष टेनिस आहे. जुनी दहा म्हणजे ओहायो स्टेट, मिशिगन, मिशिगन स्टेट, इलिनॉय, इंडियाना, पर्ड्यू, नॉर्थवेस्टर्न, विस्कॉन्सिन, नेब्रास्का, पेन स्टेट आणि वर ही पश्चिमेची चार. आमच्याकडे जानेवारी ते मार्च बर्फ, त्यामुळे सीझनचा मोठा भाग इनडोअर. आता इनडोअर टेनिस हा जवळजवळ वेगळा खेळ आहे. वारा नाही, ऊन नाही, चेंडू वेगाने येतो, सर्व्हिसला महत्त्व, आणि सहा कोर्ट एका छपराखाली ओळीने असल्यामुळे बाजूच्या कोर्टवरचा आरडाओरडा तुमच्या टॉसच्या वेळी कानात. आमची मुलं यातच वाढतात. लॉस एंजेलिसची मुलं वर्षभर उन्हात खेळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे आली की पहिले पाच-सहा गेम त्यांना अंदाजच येत नाही. उलट एप्रिलमध्ये आमची मुलं तिकडे गेली की उसळी घेणारा चेंडू आणि वारा यात गडबडतात.

मी याच्याकडे वाईट म्हणून बघत नाही. मे महिन्यात एनसीएए आउटडोअर असते, तिथे बिग टेनच्या टीम वर्षानुवर्षं मागे पडायच्या कारण त्यांना बाहेर खेळायची सवयच उशिरा व्हायची. आता एक दौरा कॅलिफोर्नियाचा, तेही कॉन्फरन्स मॅच म्हणून, हा मोठा फायदा आहे. आणि प्रेक्षक म्हणून सांगतो, यूएससी आणि यूसीएलएच्या टीम आमच्या गावात येणार म्हटल्यावर माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आनंदच होतो. आम्ही त्यांना टीव्हीवरच बघितलेलं.

अवांतर: बिग टेन टेनिसला कमी समजू नका. इलिनॉयने २००३ ला एकही मॅच न हरता विजेतेपद घेतलं होतं, कोच होते क्रेग टायली, जे नंतर ऑस्ट्रेलियन ओपन चालवायला गेले. केविन अँडरसनही इलिनॉयचाच.

तलावांच्या गावातून

काका, १८ पैकी १४ म्हणालात. उरलेल्या चारांबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून पहिल्यांदाच या विभागात लिहितेय.

मी मिनियापोलिसला राहते. युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाची पुरुष टेनिस टीम २०२०-२१ च्या सीझननंतर बंद केली. त्याच सुमारास आयोवानेही केली. मेरीलँडने २०१२ लाच सात खेळ बंद केले त्यात पुरुष टेनिस होतं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एसीसी सोडून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. रटगर्सचं त्याच्याही आधी गेलं. आता हे चारही जण ज्या कॉन्फरन्समध्ये आहेत तिने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. एवढे पैसे आले, पण एकाही कॉलेजने पुरुष टेनिस परत सुरू केलं नाही.

मिनेसोटाच्या टीमचं मराठी वाचकांना सांगायचं कारण म्हणजे हर्ष मंकड. मुंबईचा मुलगा, विनू मंकडांचा नातू, अशोक मंकडांचा मुलगा, आई निरुपमा स्वतः भारताच्या अव्वल टेनिसपटू. तो मिनेसोटाकडून खेळताना कॉलेज रँकिंगमध्ये १ नंबरवर गेला होता, नंतर डेव्हिस कप खेळला. ज्या टीमने आपल्याकडच्या मुलाला एवढं मोठं केलं ती टीमच आज नाही. इथलं बेसलाइन टेनिस सेंटर तसंच आहे, मुलींची टीम तिथे खेळते, मी मुलीला घेऊन जाते. पण पुरुषांची मॅच तिथे होत नाही.

मला म्हणायचंय ते हे, की कॉन्फरन्स बदलल्याने प्रवास वाढला वगैरे ठीक, पण त्याहून मोठी भीती टीमच राहणार की नाही ही आहे.

टेक्सासातला तात्या

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात भर घालतो कारण पैशाची बाजू लोकांना नीट माहीत नसते.

फुटबॉलमध्ये शंभरच्या आसपास मुलं असतात. टायटल नाईन या कायद्यामुळे मुलग्यांना आणि मुलींना संधी प्रमाणात द्यावी लागते. फुटबॉलला हात लावायचा नसतो, मग मुलग्यांचे छोटे खेळ कापले जातात, टेनिस, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, पोहणं. म्हणूनच मुलींच्या टीम राहतात आणि पुरुषांच्या जातात. दोष कायद्याचा नाही, मुलींना संधी मिळालीच पाहिजे. दोष सगळी जागा एका खेळाने खाण्याचा आहे.

आता ६ जून २०२५ ला हाउस खटल्याची (खेळाडूंच्या मोबदल्याचा खटला) तडजोड कोर्टाने मंजूर केली. त्यात कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी वरची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर प्रत्येक कॉलेजला. यातला बहुतेक वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातोय. तो पैसा कुठून तरी काढायचाच आहे. आणि त्याच वेळी टेनिसच्या प्रवासाचा खर्च वाढलाय. स्टॅनफर्ड आणि कॅलला तर एसीसी सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला पूर्ण वाटा देतच नाही, साधारण ३० टक्के देते, आणि एसएमयूने नऊ वर्षं टीव्हीचे पैसे सोडून दिलेत. उत्पन्न कमी आणि विमानाची तिकिटं जास्त, हे टेनिसच्या बजेटला किती दिवस झेपेल?

सनीवेलकर

तात्या, आता तुम्ही माझ्या बाजूला आलात.

टेक्सासातला तात्या

बाजू वगैरे नाही हो. टीसीयूला फायदा झाला हे अजूनही म्हणतो. पण तो २०१२ चा काळ होता. एक कॉलेज शेजारच्या कॉन्फरन्समध्ये गेलं. आता अख्खा नकाशाच फाडलाय.

ऑरेंज काउंटीकर

ओहायबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. ओहायो नव्हे, कॅलिफोर्नियातलं ओहाय, लॉस एंजेलिसच्या वर डोंगरातलं छोटं गाव. तिथली टेनिस टूर्नामेंट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली, आणि पॅक-१२ ची टेनिस चॅम्पियनशिप तिथेच एप्रिलमध्ये व्हायची. लिबी पार्कमध्ये मोठ्या ओक झाडांखाली कोर्ट, लाकडी बाकं, ताजा संत्र्याचा रस आणि चहा गावातले स्वयंसेवक देतात. खेळाडू गावातल्या लोकांच्या घरी उतरायचे. एवढ्या जवळून एवढं चांगलं टेनिस मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही, कोर्टच्या बाजूला उभं राहिलं की मुलाचा श्वास ऐकू येतो.

२०२४ ला तिथे पॅक-१२ ची शेवटची स्पर्धा झाली. ओहायची टूर्नामेंट संपलेली नाही, ज्युनियर आणि बाकी कॉलेजांचे गट खेळतात, पण स्टॅनफर्ड, यूएससी, यूसीएलए, कॅल एकाच पार्कात एकाच आठवड्यात, ते गेलं. आमच्या इथली ज्युनियर मुलं तिथे जाऊन या मोठ्या मुलांना बघायची आणि तिथूनच त्यांच्या डोक्यात कॉलेज टेनिस शिरायचं. आता त्यांना ते बघायला बिग टेनच्या आणि एसीसीच्या टूर्नामेंटला जावं लागेल, कोण नेणार?

डबल्सवाली

ओहायचं वाचून खरंच भरून आलं. मी एकदाच गेलेय. नवऱ्याला टेनिसमधलं काही कळत नाही तरी तो दिवसभर हलला नाही तिथून.

कोलंबसचे काका

मी वर फायदे लिहिले ते मागे घेत नाही पण मिनेसोटाचं आणि ओहायचं वाचून हेही म्हणतो, की फायदा झाला तो ओहायो स्टेटसारख्या ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांचा. बिग टेनमधल्या शेवटच्या तीन-चार टीमना आता अजून चार तगडे प्रतिस्पर्धी आले. वर्षभर हरायचं आणि प्रवासही करायचा. अशा टीमचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर उद्या आकडे बघून म्हणेल की हे कशाला चालवायचं.

सनीवेलकर

बरोबर काका, आणि छोट्या कॉन्फरन्सचं तर अजूनच बिकट. जुलै २०२६ पासूनच्या नव्या पॅक-१२ चंच बघा. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट मागे उरले, त्यांच्याकडे पुरुष टेनिस नाहीच. नव्याने येणाऱ्यांपैकी बोइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि गोन्झागाकडे आहे. फ्रेझ्नो स्टेटने २०२० मध्ये बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे पूर्ण सदस्यांत चारच टीम. आणि कॉन्फरन्स विजेत्याला एनसीएएत थेट प्रवेश हवा असेल तर तो खेळ खेळणाऱ्या किमान सहा टीम लागतात. बाहेरून पाहुणे सदस्य आणल्याशिवाय हे जमणारच नाही. ज्या नावाच्या कॉन्फरन्सने इतकी विजेतेपदं घेतली तिला आता टेनिसची टूर्नामेंट भरवायला टीम शोधाव्या लागतायत, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

तरी एक चांगली गोष्ट सांगतो. अ‍ॅरिझोना स्टेटने २००८ ला पुरुष टेनिस बंद केलं होतं आणि २०१६ ला परत आणायचं जाहीर केलं, देणगीदार उभे राहिले म्हणून. तेव्हा बंद झालेलं परत येऊ शकतं. मिनेसोटावाल्या ताई, आशा सोडू नका.

सिंहगडरोड

हे सगळं वाचून एक प्रश्न. मग भारतातल्या मुलाने काय बघायचं? आमच्या क्लबमध्ये सगळे अर्जुन कढेचं उदाहरण देतात, पुण्याचाच मुलगा, ओक्लाहोमा स्टेटला खेळला, नंतर प्रो झाला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाचा, २००७ आणि २००८ लागोपाठ एनसीएए सिंगल्स विजेता. दक्षिणेश्वर सुरेश वेक फॉरेस्टचा, सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जाऊन डेव्हिस कपमध्ये जेरोम किमला हरवलं. आम्हाला वाटायचं मोठ्या कॉन्फरन्सचं कॉलेज मिळालं की झालं.

टेक्सासातला तात्या

कढेचं उदाहरण चांगलं आहे. ओक्लाहोमा स्टेटचं स्टिलवॉटर छोटं गाव आहे पण टेनिस सेंटर देशातल्या उत्तमांपैकी, २०२४ ची एनसीएए तिथेच झाली. तो खेळायचा तेव्हा बिग १२ मध्ये सहा-सातच टीम पण जवळजवळ प्रत्येक टीम तगडी, आणि बरंचसं बसच्या अंतरावर. आताच्या बिग १२ मध्ये नऊ टीम, फ्लोरिडापासून युटापर्यंत.

आणि एक लक्षात ठेवा, तडजोडीनंतर पुरुष टेनिसला रोस्टरची (टीममधल्या खेळाडूंची) मर्यादा १० झालीये. पूर्वी साडेचार स्कॉलरशिप असायच्या आणि त्या वाटून द्यायचे, पण टीममध्ये अकरावा-बारावा मुलगा म्हणून राहून शिकता यायचं. आता जी कॉलेजं तडजोडीत सामील आहेत तिथे कागदावर दहाच्या दहा पूर्ण स्कॉलरशिप देता येतात, पण बरीच कॉलेजं तेवढे पैसे टेनिसला देणार नाहीत. जागा कमी आणि त्यासाठी जगभरातले खेळाडू. डिव्हिजन १ मध्ये निम्म्याहून जास्त पुरुष खेळाडू परदेशी आहेत, युरोपातली एटीपी पॉइंट असलेली पोरं येतायत. त्यामुळे तयारी त्या पातळीची हवी.

डबल्सवाली

सिंहगडरोड, मी पालक म्हणून नाही पण रोज या मुलांबरोबर असते म्हणून सांगते. कोचशी व्हिडिओ कॉल होईल तेव्हा यूटीआर आणि स्कॉलरशिपच्या पुढे जा. विचारा की गेल्या एप्रिलमध्ये टीमने किती वर्गाचे दिवस बुडवले, खरं वेळापत्रक दाखवा म्हणावं. विचारा की मुलाला जे मेजर हवंय ते सध्याच्या टीममधला कुणी करतोय का, आणि त्या मुलाशी बोलायला मिळेल का. विचारा की परत येताना सोमवारी पहाटे पोचलात तर पहिल्या तासाचं काय होतं. चांगला कोच याची उत्तरं लगेच देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे कितीही चकचकीत इनडोअर सेंटर असलं तरी थोडं थांबा.

आणि कॉलेजने टीम बंद केली तर स्कॉलरशिपचं काय, हेही विचारा, लेखी. अवघड वाटतं विचारायला पण विचारा.

तलावांच्या गावातून

डबल्सवाली ताईंच्या शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन. इथल्या मुलांना बातमी कळली तेव्हा नवीन वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, कोविडचा काळ, कुठे जाणार. परदेशी मुलांना तर व्हिसाचंही बघावं लागतं. सनीवेलकर, धीर दिल्याबद्दल आभार. अ‍ॅरिझोना स्टेटचं माहीत नव्हतं.

कोलंबसचे काका

अजून एक सुचवतो. फक्त मोठ्या चार कॉन्फरन्सकडे बघू नका. आयव्ही लीगकडे बघा, आठ कॉलेजं, सगळी ईशान्येला, जास्तीत जास्त काही तासांचा बसचा प्रवास, आणि त्यांच्यात ही पळापळ झालेलीच नाही. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते पण कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मदत मिळते. आणि टेनिस कमी नाही, नोव्हेंबर २०२४ ची एनसीएए सिंगल्स कोलंबियाच्या मायकल झेंगने जिंकली. सिंगल्स-डबल्सची स्पर्धा २०२४ पासून शरद ऋतूत घ्यायला लागले, टीमची मे मध्ये, म्हणजे मोठ्या कॉन्फरन्समध्ये नसलेल्या मुलालाही एकट्याच्या खेळावर नाव कमवता येतं.

सिंहगडरोड

काका, आयव्हीचं आमच्या यादीतच नव्हतं. मुलाचे मार्क चांगले आहेत, एसएटीची तयारी चालू आहे, आज रात्रीच त्याच्याशी बोलतो. डबल्सवाली ताई, तुमचे प्रश्न जसेच्या तसे लिहून घेतलेत. पुढच्या आठवड्यात मिडवेस्टमधल्या एका कोचशी कॉल आहे, प्रवासाचं पहिल्यांदा विचारणार. ते काय म्हणाले ते इथेच लिहितो.

सनीवेलकर

नक्की लिहा दादा. आणि इनडोअर कोर्ट त्यांचे स्वतःचे आहेत की क्लबचे भाड्याने घेतात तेही विचारून घ्या, जानेवारीत सरावाला किती तास मिळतात ते त्यावरच ठरतं.